हद्दीपलीकडची डांगरवाडी

“हद्दीबाहेर मेला तो. आपल्या हद्दीत नाई, आपल्या हुकमात नाई. अन् त्याचा दगड आपल्या घाटावर? काऊन?”

नामदेवराव ओरडत होते. गावचे माजी सरपंच. आवाज असा, की पुलगाव स्टेशनातून सुटलेली गाडी घाबरून परत फलाटाला लागावी. वर्धा नदीच्या घाटावर सगळं गाव जमलं होतं. चौथरा बांधून झाला होता. काळा दगड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवतावर आडवा ठेवला होता. त्यावर कोरलं होतं : नायक मारोती सिताराम नागपुरे.

“काका, बसा खाली,” पोरांमधून कोणी तरी म्हणालं.

“तू बस बे. मी काय खोटं बोलून राह्यलो? चौकशीच्या कागदात लिहून हाये, परवानगी नव्हती म्हणून. परक्याच्या मुलखात घुसला अन् गोळी खाल्ली.”

तेवढ्यात सितारामकाका उठले. मारोतीचे वडील.

“नामदेवले बोलू द्या,” ते म्हणाले. “दुसऱ्याच्या जागेत बिनहक्कानं गेला असन माहा पोरगा, तं दगड नको. घाट गावाचा हाये. पह्यले मले समजू द्या. हवालदार, तू होता ना तिथं? सांग. सगळं सांगजो.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मागून कोणी तरी हसलं. “हवालदार, मगरीपासून सुरू करा.”

हसणाऱ्याची चूक नाही. देवळीच्या बसस्टँडवर चहा पीत मी आफ्रिकेतली ती मगर इतक्यांदा पकडली आहे, की आता ती स्वतःहून दुपट्ट्यात येऊन बसते. पहिल्यांदा सांगितली तेव्हा हातभर होती. परवा जाम गावच्या चौकात सांगितली तेव्हा तिची शेपटी हिंगणघाटच्या रस्त्याला पोचली होती. माझी अशी पत असताना एका बापाला मुलाच्या मरणाची गोष्ट सांगायची होती, आणि त्या गोष्टीवर एक दगड उभा राहायचा किंवा ट्रॉलीतून परत जायचा होता.

जे तिथं सांगितलं तेच इथं लिहितो. नामदेवरावांनी मधे मधे तोंड घातलं, ते गाळलं आहे.

आमची बटालियन शांतिसेनेत आफ्रिकेला गेली तेव्हा मी हवालदार होतो आणि मारोती नायक, माझ्याहून एक पायरी खाली, माझ्याच सेक्शनमधला. अख्ख्या बटालियनमध्ये वर्धा जिल्ह्याचे आम्ही दोघंच. नाईल नदीला मिळणारी एक लहान नदी, तिच्या काठावर आमची पोस्ट. नदीच्या अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा. आमचं काम अलीकडच्या देशात.

वर्ध्याच्या मे महिन्यात वाढलेला माणूस उन्हाला भीत नाही. पण तिथलं ऊन पाहून मी आपल्या उन्हाला मनातल्या मनात नमस्कार केला. हेल्मेटवर अंडं फोडलं तर जमिनीवर पडेपर्यंत ऑम्लेट व्हायचं. डास एवढे मोठे, की पहाऱ्यावरचा संत्री त्यांना ‘थम, कौन आता है’ विचारायचा. एकदा एका डासानं पासवर्ड बरोबर सांगितला म्हणतात.

बाकीचं खरं आहे. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात सज्ज. मग रेडिओ चेक. मग पट्रोल, निळं हेल्मेट घालून, गुरांच्या तळापर्यंत आणि परत. पाणी गाळायचं, रिपोर्ट पाठवायचा, वाळूच्या फाटलेल्या पोत्यांना शिवण घालायची. नदीच्या दोन्ही काठांना एकच लोक. उंच, सडपातळ, गुरं राखणारे. बहीण या काठाला दिली, भाऊ त्या काठाला. उन्हाळ्यात गुरं चाऱ्यामागं जायची, हद्द कुठली ते गुरांना माहीत नव्हतं आणि राखणाऱ्यांनाही त्याची गरज पडत नव्हती. वाईट एवढंच, की गुरं पळवणाऱ्या टोळ्या होत्या आणि त्यांच्याकडे आता भाल्यांऐवजी ऑटोमॅटिक रायफली होत्या.

पोस्ट कमांडर मेजर साहेब हिमाचलचे, इतिहासात एम.ए. संध्याकाळी चहाच्या वेळी नकाशा टेबलावर पसरायचे आणि आमची शाळा घ्यायचे. त्यांच्याकडूनच कळलं, की ही हद्द कोणी आखली. इंग्रजांच्या राणीच्या राज्याच्या शेवटच्या काळात लंडनला एक दाढीवाला लॉर्ड पंतप्रधान होता. त्याच्या काळात गोऱ्यांनी आफ्रिका जिलेबीसारखी वाटून घेतली. फ्रेंच पश्चिमेकडून निघाले, इंग्रज उत्तरेकडून तोफांच्या बोटी घेऊन नाईलवर चढले. दोघांचे अफसर एका मातीच्या किल्ल्यात भेटले, सोबत बसून दारू प्यायले, आणि तिकडे लंडन-पॅरिसला लढाईची भाषा सुरू झाली. शेवटी फ्रेंच मागं सरले.

“इतनी दूर, इस दलदल के लिए?” मारोतीनं विचारलं.

“दलदल के लिए नहीं,” मेजर साहेब म्हणाले. “नाईल हाथ में रही तो मिस्र हाथ में. मिस्र रहा तो सुएझ की नहर. नहर रही तो हिंदुस्तान. समझे, नागपुरे? ये लकीर तुम्हारे वर्धा के लिए खींची गई थी.”

मी आयुष्यात पुष्कळ फेकलं आहे, पण एवढं लांबचं मला कधी सुचलं नाही. लंडनच्या टेबलावर बसलेला एक म्हातारा, देवळी-पुलगावचा कापूस आपल्या हातून जाऊ नये म्हणून, कधीही न पाहिलेल्या नदीवर आपल्या माणसांकरवी रेघ ओढून घेतो. नदी ज्यांची त्यांना विचारलं नाही, आणि ज्यांच्यासाठी म्हणून ओढली त्या आमच्या पणज्याला तर देवळीच्या बाजारापलीकडचं जगच ठाऊक नव्हतं.

मारोती मात्र नकाशाकडे पाहत होता. “नदीवर रेघ चालत नाई, साहेब,” तो मराठीतच म्हणाला, आणि मग मी त्याचं हिंदी करून सांगितलं.

त्याला ते कळत होतं, कारण तो या घाटाचा. आपली वर्धा नदीही हद्दच होती. या काठाला नागपूरकडचा गोरा कमिशनर, त्या काठाला निजामाचं वऱ्हाड, आणि कारभार तिथंही गोऱ्याचाच. राणी गेल्यावर लवकरच एका लाटसाहेबानं ते वऱ्हाड निजामाकडून कायमच्या पट्ट्यानं लिहून घेतलं. पण पूर ओसरल्यावर उघडी पडलेली वाळू वाटायला कमिशनर आला नाही, निजाम आला नाही. ती दोन्ही काठांची माणसं उभं राहून वाटत आली. डांगरवाडीसाठी. (वर्ध्याबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे डांगर म्हणजे खरबूज. पुण्याकडे भोपळा समजतात, त्याला माझा इलाज नाही.) ज्या साली धार जिकडे असेल तिकडे वाळूचे पट्टे पडतात. मधे तुराट्या रोवतात. धार सरकली की तुराट्या सरकतात. धारेच्या या अंगाची वाळू या काठाची, त्या अंगाची त्या काठाची. भांडणं होतात, पण संध्याकाळपर्यंत मिटतात.

हे डोक्यात घेऊन मारोती फौजेत गेला होता. आणि त्यातूनच त्याची ती चूक झाली. पोस्टसमोर नदीत वाळूचं एक बेट होतं. मोठी धार त्याच्या पलीकडून वाहायची. अलीकडे कमरेइतकं पाणी. मारोतीनं धार पाहिली आणि ठरवलं, ही वाळू आपल्या काठाची. सुट्टीवरून येताना आईनं दिलेलं डांगराचं बी त्यानं आणलं होतं. ड्यूटी संपली की तो जायचा. वाळूत खड्डे, खड्ड्यात गुरांचं शेण, बाजूला पाण्यासाठी झिरा. वेल पसरले. पलीकडच्या काठाच्या बाया मोठी धार ओलांडून बघायला यायच्या, लेकरं यायची. मारोती त्यांच्याशी आपल्या बोलीत बोलायचा, त्या आपल्या बोलीत. कोणाचं काही अडलं नाही.

अडलं ते मेजर साहेबांचं. एक दिवस ते जीपीएस घेऊन बेटावर चालत गेले आणि हसत परत आले. मग हसणं थांबलं.

“नागपुरे, तुम दूसरे मुल्क में खेती कर रहे हो.”

जुनी रेघ ओढली तेव्हा नदी आमच्या काठाला लागून वाहत होती. रेघ नदीच्या मधून गेली. नंतर नदी सरकली, बेट पडलं, मोठी धार पलीकडे गेली. रेघ कागदावर जागच्या जागी राहिली. आमच्याकडे आणखी एक नकाशा होता, त्यात रेघ बेटाच्या पलीकडे होती. दोन्ही नकाशे सरकारी.

सेक्टर हेडक्वार्टरला विचारलं. उत्तर आलं : खात्री होईपर्यंत बेटावर कोणी जायचं नाही. मेजर साहेबांनी ऑर्डर काढली. मारोतीनं सॅल्यूट केला आणि त्या दिवसापासून त्याची वाडी त्यानं बायनॉक्युलरमधून पाहिली.

“पिवळी पडून राह्यली रे,” तो संत्री पोस्टवरून मला सांगायचा. “लेकरं तोडून नेतात. चांगलं हाये. पन कच्ची तोडतात, लेकाचे.”

त्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. वर डोंगरात मात्र पाऊस झाला असावा, कारण नदीचं पाणी तांबडं झालं होतं आणि चढत होतं. बेटावर चार लेकरं होती, डांगरं तोडायला आलेली. पलीकडच्या काठावरही गुरांचा एक तळ होता. तिथून आधी कुत्री भुंकली. मग फायर सुरू झाला.

स्टँड-टू झालं. मी सेक्शन घेऊन काठावरच्या मातीच्या बंधाऱ्यावर पोचलो. पलीकडे धूर, धावणारी माणसं, हंबरणारी गुरं. बेटावरची लेकरं वेलांमधे आडवी पडली होती. मागं मोठी धार, तिच्यामागं टोळी. पुढं आमच्या बाजूचं पाणी, जे कमरेइतकं होतं ते आता छातीपर्यंत आलं होतं. बेट लहान होत चाललं होतं. आमची एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, तयार होती, पण नेमाच्या रेषेत लेकरं होती. एलएमजी मुकीच राहिली.

मेजर साहेब रेडिओवर सेक्टरशी बोलत होते. आमचा कॉल साइन टायगर फोर.

“टायगर फोर. टापू पर चार बच्चे. निकालने की परमिशन चाहिए. ओव्हर.”

“टायगर फोर, टापू का ग्रिड दो. ओव्हर.”

साहेबांनी नकाशावरचा आकडा दिला.

“टायगर फोर, वो हमारे एरिया के बाहर दिख रहा है. कन्फर्म करो. ओव्हर.”

“एक नक्शे में बाहर है, दूसरे में अंदर. पानी चढ़ रहा है. ओव्हर.”

“वेट. आउट.”

मारोती माझ्या बाजूला बसला होता. त्यानं रायफल माझ्या हातात दिली. बूट काढले. बंधाऱ्यावर बोटीचा नायलॉनचा दोर होता, त्याचं एक टोक कमरेला बांधलं.

“काय करून राह्यला बे?” मी विचारलं.

“दोर धर.”

“परवानगी येऊ दे.”

“येऊ दे ना. मी कुठं नाई म्हनतो? तू दोर धर. पानी तवर थांबत नाई.”

मी मेजर साहेबांकडे पाहिलं. त्यांनी मारोतीला पाहिलं होतं. त्यांच्या एका कानाला रेडिओ होता. ते हो म्हणाले नाहीत. नाही म्हणाले नाहीत. त्यांनी एलएमजीवाल्याला हाताने खूण केली, डावीकडे सरक. मी दोर धरला.

मगरीबद्दल मी काय काय सांगतो ते तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी पाण्यात मगर नव्हती. एक माणूस होता आणि तो आपल्या नदीत पोहतो तसाच पोहत होता, तिरपा, धारेला थोडं वर धरून. पहिल्या खेपेत त्यानं दोन लहान लेकरं आणली, एक पाठीवर, एक काखेत. दुसऱ्या खेपेत एक मुलगी. तिनं डांगर छातीशी धरलं होतं.

“सोड ना माय ते,” मारोती पाण्यातून ओरडत होता. तिला काय कळणार? मग त्यानं मुलगी आणि डांगर दोन्ही आणलं.

“आता एकच हाये,” तो म्हणाला. धाप लागली होती. पुन्हा उलटा फिरला.

टोळीनं त्याला तोवर पाहिलं होतं. निळं हेल्मेट त्यानं डोक्यावरून काढलं नव्हतं. तो बेटावर चढताना वाळू उडाली, दोनदा. तो वेलांमधे दिसेनासा झाला. मग पाण्यात दिसला, पुढं मुलगा धरून. आणखी एक फायर झाला. दोर जड झाला.

मी ओढला. तिघं मिळून ओढला. दोराच्या टोकाला मुलगा आला, दोर त्याच्या काखेखालून बांधलेला, गाठ पक्की. मारोतीनं स्वतःच्या कमरेची गाठ सोडून ती त्याला मारली होती. केव्हा मारली ते मला दिसलं नाही.

त्याच वेळी रेडिओ बोलला. “टायगर फोर, क्लिअर टू प्रोसीड. ओव्हर.”

मेजर साहेबांनी हँडसेट तोंडाशी धरला. मग म्हणाले, “रॉजर. आउट.” त्यांनी हँडसेट हुकाला नीट लावला.

मुलं अलीकडे आल्यावर आमची एलएमजी बोलली आणि टोळी गुरं सोडून गेली. मारोती आम्हाला दुपारी सापडला, वळणावर, आमच्याच काठाला. गोळी मानेखाली. मी त्याचे डोळे मिटवले. बूट बंधाऱ्यावर होते, ते मी माझ्याकडे ठेवले आणि मग त्याच्या सामानात दिले.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. तीन अफसर. मला विचारलं, “नायक नागपुरे को गोली लगी तब वो लाइन के इस तरफ था या उस तरफ?”

मी म्हणालो, “साहब, नकाशा कौनसा पकड़ना है, पहले वो बताइए.”

मग एकानं हळूच विचारलं, “तुमने क्या देखा?”

“पानी में था, साहब.”

त्यांनी लिहिलं, कर्तव्यावर असताना मृत्यू. त्याखाली हेही लिहिलं, की त्या क्षणी मंजुरी पोचली नव्हती. दोन्ही खरं होतं. नामदेवरावांना त्यातलं दुसरंच वाक्य कोणी तरी वाचून दाखवलं असावं.

घाटावर मी इथवर सांगून थांबलो. हसणारा आता हसत नव्हता. बाया पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मारोतीची आई खाली पाहत होती. मला वाटलं, झालं. आता पोरं ट्रॉलीकडे जातील.

सितारामकाका नदीकडे पाहत होते. मग माझ्याकडे वळले.

“गोळी कोन्या अंगाले लागली, ते मी नाई इचारून राह्यलो, हवालदार. मी वाडीचं इचारून राह्यलो. ते वाळू त्या काठाची निघाली म्हनतो तू.”

“एका नकाशात, काका.”

“नकाशा जाऊ दे. माह्या पोरानं तिथं खड्डे केले. त्या काठाच्या मानसाले इचारलं होतं का?”

हा प्रश्न इन्क्वायरीत कोणी विचारला नव्हता. मेजर साहेबांनी नाही, सेक्टरनं नाही. मी स्वतःही त्या गोष्टीला गोष्ट समजलो नव्हतो, म्हणून सांगितली नव्हती.

“इचारलं होतं, काका,” मी म्हणालो. “पहिला खड्डा करायच्या आधी तो बेटावर उभा राहून पलीकडच्यांना हाका मारत होता. मी त्याला म्हणालो, वाळू आपली आहे तर हाका कशाला मारतो? तो म्हणाला, त्या काठाचं कोणी उभं नसलं तर काडी रोवता येत नाई. शेवटी एक म्हातारी आली, चिलीम ओढत. यानं हातवारे करून सांगितलं. ती हसली. मग तिनं त्याच्या हातातली काडी घेतली, वाळूत चालत गेली आणि स्वतः रोवली. म्हणजे इथपर्यंत तू. त्यापुढं त्यानं एक खड्डा केला नाही.”

“मगरीसारखं तं नाई ना हे?”

“नाही, काका.”

मी कोणाची शपथ घेतली नाही. माझ्या शपथेला या जिल्ह्यात भाव नाही.

नामदेवराव आता ओरडत नव्हते. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “सिताराम, पन हुकूम तं आला नव्हता ना?”

“वाळू इचारून घेतलती त्यानं,” सितारामकाका म्हणाले. “उचला दगड, ठिवा चौथऱ्यावर.”